लाठी कोणाच्या हातात होती? धरासण्याच्या वर्णनांची एक तपासणी

मंडळाच्या मागच्या बैठकीत एका ज्येष्ठ सभासदांनी मला अडवलं. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो, म्हणून इथेही तेच लिहितो. दोन वर्षांपूर्वी मी धरासण्याच्या मिठाच्या सत्याग्रहावर एक टिपण वाचलं होतं. त्याची छापील प्रत त्यांनी पिशवीतून काढली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. ओळ अशी होती : ‘सत्याग्रही पुढे सरकताच लाठीमार झाला व शेकडो जखमी झाले.’

काका म्हणाले, “भाऊ, लाठीमार झाला म्हणजे काय? पाऊस झाला तसा झाला? लाठी काही आपोआप हलत नाही. माझे आजोबा तेव्हा सुरत जिल्ह्याच्या पोलिसांत शिपाई होते. कोकणातून पोटासाठी आले, भरती झाले, इथेच राहिले. आमच्या घरात त्या वर्षाबद्दल कोणी अवाक्षर काढत नसे. २०३० साली शंभर वर्षं होतील, तेव्हा मंडळ प्रदर्शन भरवणार. आजोबांचा युनिफॉर्ममधला फोटो माझ्याकडे आहे. तो लावाल का? आणि लावलात तर त्याच्याखाली काय लिहाल?”

मला उत्तर देता आलं नाही. हा लेख म्हणजे त्या उत्तराचा प्रयत्न आहे. त्यासाठी धरासण्याची जी वर्णनं आपण नेहमी वाचतो आणि पाहतो, ती मी पुन्हा तपासली. पहिला आरोपी अर्थातच माझं स्वतःचं टिपण.

अपघाताचा अहवाल

मी इतिहासाचा पदवीधर नाही. तीस वर्षं कारखान्यात इंजिनिअर म्हणून काढली, वाचनाची सवय नंतरची. पण अपघाताचे अहवाल मी पुष्कळ लिहिले आणि त्याहून जास्त वाचले. अहवाल कच्चा आहे हे एका खुणेवरून कळतं. त्यात ‘व्हॉल्व्ह उघडा राहिला’, ‘प्रेशर वाढलं’, ‘कामगार भाजला’ अशी वाक्यं असतात, सगळं आपोआप घडलेलं. एका ठिकाणी असा अहवाल माझ्याच सहीने गेला होता. वरिष्ठांनी तो परत पाठवला आणि बाजूला एवढंच लिहिलं : कोणी उघडा ठेवला, कोणाच्या सांगण्यावरून, आणि त्याला तसं करायला लावणारी व्यवस्था कोणाची?

हे तीन प्रश्न वेगवेगळे आहेत. एकाचं उत्तर मिळालं म्हणून बाकीचे दोन सुटत नाहीत. ऑपरेटरला नोकरीवरून काढलं की मॅनेजर सुटतो, आणि मॅनेजरला दोष दिला की ऑपरेटर ‘बिचारा’ होतो. दोन्ही अहवाल अपुरेच. हेच तीन प्रश्न मी धरासण्याला लावतो : हात कोणाचा, हुकूम कोणाचा, व्यवस्था कोणाची?

घटना थोडक्यात

मराठी पुस्तकांत हे नाव ‘धारासना’ असं छापतात. इकडे लोक धरासणा म्हणतात, मी तेच ठेवतो. आज हे गाव वलसाड जिल्ह्यात आहे, पण १९३० साली वलसाड वेगळा जिल्हा नव्हता, सगळा मुलूख सुरत जिल्ह्यात मोडत होता. कोसाडहून जायचं तर सुरतेला गाडी बदलून डुंगरी स्टेशनवर उतरायचं.

दांडीला मीठ उचलल्यावर गांधीजींनी धरासण्याच्या सरकारी मिठागरावर चाल करण्याचा बेत व्हाइसरॉयला कळवला होता. त्याआधीच, ४ मेच्या मध्यरात्रीनंतर, कराडीच्या मुक्कामात त्यांना अटक झाली. मग अब्बास तय्यबजी पुढे आले, त्यांनाही पकडलं. २१ मे १९३० रोजी सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच हजार स्वयंसेवक मिठागराकडे निघाले. इमामसाहेब बावझीर आणि मणिलाल गांधी त्यांच्यात होते. मिठागराभोवती काटेरी तार आणि पाण्याने भरलेले चर होते. तुकडी पुढे यायची, लाठ्या बसायच्या, माणसं पडायची, पडलेल्यांना उचलून नेलं जायचं, की पुढची तुकडी पुढे. प्रतिकारासाठी कोणी हातही वर केला नाही.

मिलरचं वर्णन : काय दिसलं, काय निसटलं

हे सगळं जगाला कळलं ते युनायटेड प्रेसचा अमेरिकन बातमीदार वेब मिलर याच्यामुळे. त्याची तार अडवण्याचा प्रयत्न झाला, तरी मजकूर बाहेर गेलाच आणि देशोदेशींच्या वर्तमानपत्रांत छापला गेला. पुढे १९३६ साली आपल्या आठवणींच्या पुस्तकातही त्याने हा दिवस लिहिला. आपण सगळेच, मी धरून, धरासण्याबद्दल लिहितो ते शेवटी मिलरच्या जीवावर. त्याने इस्पितळात जाऊन स्वतः मोजणी केली : ३२० जखमी आणि दोन मृत. इंजिनिअर म्हणून मला हा माणूस आवडतो. तो मोजतो.

मिलरने पोलिसांचीही मोजदाद केली. सुमारे चारशे देशी शिपाई, त्यांच्यावर सहाएक गोरे अधिकारी, आणि बाजूला बंदुका घेतलेली पंचवीसेक माणसं. त्या चारशेंना तो ‘सुरतेचे पोलीस’ म्हणतो. वाचकहो, दोन वर्षांपूर्वी हे शब्द मी वाचले होते आणि त्यावरून पुढे गेलो होतो. ‘ब्रिटिशांनी लाठ्या चालवल्या’ असं आपण सहज म्हणतो. हुकूम ब्रिटिशांचा होता, यात वाद नाही. पण त्या मैदानात गोऱ्या अधिकाऱ्यांची संख्या एका बाकावर मावेल एवढी होती. चारशे लाठ्या आपल्याच जिल्ह्यातल्या पगारी माणसांच्या हातात होत्या.

त्याच वर्णनात दोन निरीक्षणं शेजारी शेजारी आहेत, आणि माझ्या मते त्यांचंच महत्त्व सगळ्यात जास्त आहे. पहिलं असं : शिपायांना मारायचं मनापासून नव्हतं असं बऱ्याचदा वाटत होतं. अधिकारी रांगेच्या दुसऱ्या टोकाला गेले की इकडच्या लाठ्या मंदावत, आणि अधिकारी परत दिसले की पुन्हा जोर चढे. स्वयंसेवक त्यांना आपल्या बाजूला येण्याची विनवणीही करत होते. दुसरं निरीक्षण याच्या अगदी उलट आहे. स्वयंसेवकांनी चालून जाण्याऐवजी तारेजवळ बसून राहायचं ठरवलं, तेव्हा चिडलेल्या पोलिसांनी बसलेल्या माणसांना लाथा घातल्या, फरपटत नेऊन चरात टाकलं.

आता ही दोन्ही निरीक्षणं एकत्र ठेवा. हात मंदावला, याचा अर्थ शिपाई यंत्र नव्हता. जोर कमी करण्याइतकी मोकळीक त्याच्यापाशी होती आणि काहींनी ती वापरली. बसलेल्या माणसाला पोटात लाथ मारणं हेही यंत्राचं काम नव्हे, तो राग त्या माणसाचा स्वतःचा होता. म्हणजे एकाच रांगेत, एकाच हुकुमाखाली वेगवेगळी माणसं वेगवेगळं वागत होती. मिलरला हे दिसलं, पण त्याने पुढचा प्रश्न विचारला नाही. त्याच्यासाठी ते चारशे शेवटपर्यंत एक घोळकाच राहिले. त्याला लगेच तार करायची होती, त्याला दोष देत नाही. पण आपल्याला तार करायची नाही, आपल्याला जवळजवळ शंभर वर्षं मिळाली आहेत.

पडद्यावरचं धरासणा

नव्या पिढीला धरासणा माहीत आहे तो रिचर्ड ॲटनबरोंच्या १९८२ सालच्या ‘गांधी’ चित्रपटातून. तो प्रसंग मी पुन्हा दोनदा पाहिला. प्रसंग परिणामकारक आहे यात शंका नाही. रांगेमागून रांग, डोक्यावर बसणारे घाव, जखमींना उचलणाऱ्या बायका, आणि शेवटी फोनवर बातमी सांगणारा वॉकर नावाचा अमेरिकन पत्रकार. हा वॉकर मिलरवरूनच बेतलेला आहे.

पण माझी तक्रार आहे. मिलरचं दुसरं निरीक्षण चित्रपटाने उचललं, पहिलं सोडून दिलं. पडद्यावर अधिकारी पाठ फिरवतो आणि शिपायाचा हात सैल पडतो, असा एकही क्षण मला दिसला नाही. तिथले शिपाई गिरणीतल्या मागासारखे चालत राहतात. कारण उघड आहे. सत्याग्रहींचं धैर्य दाखवायचं तर समोरची भिंत सलग हवी, तिला तडे असून चालत नाही. पण शिपायाला भिंत केलं की तो सुटतो. भिंतीला कोण जबाबदार धरणार? ज्याला आपण दुष्ट म्हणून रंगवतो, त्याचीच जबाबदारी आपण काढून घेतो. माझं ‘लाठीमार झाला’ आणि चित्रपटातली ती रांग, दोन्हींची चूक एकच आहे.

बोस्टनचा धडा

या प्रश्नावर मला सगळ्यात जास्त मदत झाली ती आपल्या देशाबाहेरच्या, १६० वर्षं आधीच्या एका खटल्याची. अमेरिका तेव्हा इंग्रजांची वसाहत होती. टाउनशेंड करांविरुद्ध असंतोष होता म्हणून १७६८ पासून बोस्टन शहरात फौज आणून ठेवली होती. ५ मार्च १७७० च्या रात्री कस्टम हाउससमोर जमाव जमला. बर्फाचे गोळे, दगड, काठ्या यांचा मारा सुरू झाला. कॅप्टन थॉमस प्रेस्टन आणि त्याचे आठ सैनिक समोर उभे होते. गोळ्या सुटल्या आणि पाच माणसं मेली.

पॉल रिव्हियरने त्यावर काढलेलं चित्र जगप्रसिद्ध आहे. त्यात सैनिक सरळ रांगेत उभे आहेत, सगळे एकदम गोळ्या झाडत आहेत आणि मागे कॅप्टन तलवार उगारून हुकूम देतो आहे. प्रचार म्हणून चित्र उत्तम. पण साक्षी-पुराव्यात जे आलं ते वेगळंच : अंधार, गोंधळ, एकापाठोपाठ एक सुटलेल्या गोळ्या. रिव्हियरची रांग आणि ॲटनबरोंची रांग मी मनात शेजारी ठेवतो. दोन्हींत माणूस नाही, फक्त रांग आहे.

खटल्यात मात्र रांग मोडली. सैनिकांना स्थानिक कोर्टात खुनाच्या आरोपाखाली उभं केलं. जॉन ॲडम्स, जे पुढे अमेरिकेचे दुसरे अध्यक्ष झाले, ते स्वतः वसाहतीच्या हक्कांचे पुरस्कर्ते असून सैनिकांचे वकील झाले. जोसाया क्विन्सी त्यांच्या जोडीला होता, आणि सरकारी पक्षात त्याचाच सख्खा भाऊ सॅम्युअल. पेच असा होता की कॅप्टन म्हणत होता, मी हुकूमच दिला नाही. सैनिकांचं म्हणणं होतं, आम्ही हुकूम पाळला, पाळला नसता तर आम्हालाच गोळी घातली असती. दोघांपैकी एकाचा बचाव खरा ठरला की दुसऱ्याचा कोसळणार. म्हणून सैनिकांनी कॅप्टनबरोबरच आमचा खटला चालवा असा अर्ज केला. तो मान्य झाला नाही.

ऑक्टोबरमध्ये प्रेस्टन सुटला, कारण हुकूम त्यानेच दिला हे सिद्ध झालं नाही. डिसेंबरमध्ये सैनिकांचा निकाल लागला. सहा जण निर्दोष. मॉन्टगोमेरी आणि किलरॉय हे दोघे सदोष मनुष्यवधाचे दोषी ठरले आणि अंगठ्यावर डाग देऊन त्यांना सोडलं. या दोघांनी गोळी झाडली हे साक्षीदारांनी ठामपणे सांगितलं होतं. किलरॉयबद्दल तर अशीही साक्ष आली की संधी मिळाली तर गावकऱ्यांवर गोळी झाडीन, असं तो आधीपासून बोलत होता. म्हणजे कोर्टाने आठ बंदुकांचा एक हिशेब केला नाही. प्रत्येकाला विचारलं : तू झाडलीस का, तुझ्या जिवाला धोका होता का, तुझ्या मनात आधीपासून काय होतं?

बोस्टनचा मी गौरव करतो आहे असं कोणी समजू नये. सैनिकांच्या खटल्यात ज्यूरीवर बोस्टन शहरातला एकही माणूस नव्हता. ॲडम्स यांनी बचावाच्या भाषणात मेलेल्यांपैकी क्रिस्पस ॲटक्स या काळ्या-मूलनिवासी माणसाला आणि जमावातल्या गरीब पोरांना हिणवून मुद्दा जिंकला. पाच मृत्यूंना दोन अंगठ्यांवरचे डाग, हा हिशेब मेलेल्यांच्या घरच्यांना काय वाटला असेल? आणि फौज शहरात कोणी आणून ठेवली, हा तिसरा प्रश्न तर कोर्टासमोर आलाच नाही. पण पहिला प्रश्न, हात कोणाचा, हा तिथे विचारला गेला. वसाहतीत, त्याच राजाच्या नावाने चालणाऱ्या कोर्टात, विचारला गेला.

एक फरक नोंदवतो. बोस्टनच्या सैनिकांचा मुख्य बचाव आत्मसंरक्षणाचा होता, कारण समोरून काठ्या आणि दगड येत होते. धरासण्यात समोरून काहीच येत नव्हतं. तेव्हा तिथल्या शिपायाजवळ एकच बचाव उरतो : हुकूम.

हुकूम आणि कायदा

मग हुकूम पुरेसा होता का? भारतीय दंड संहितेचं कलम ७६ १८६० पासूनचं. त्यात उदाहरणच सैनिकाचं दिलं होतं. आशय असा : वरिष्ठाच्या हुकुमावरून आणि कायद्याच्या आज्ञेनुसार सैनिकाने जमावावर गोळी झाडली तर तो गुन्हा नाही. आजच्या भारतीय न्याय संहितेत कलम १४ खाली हेच उदाहरण कायम आहे. नीट वाचा, अटी दोन आहेत. हुकूम हवा, आणि तो हुकूम कायद्याला धरूनही हवा. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत फौजेने जमाव पांगवताना कमीत कमी बळ वापरावं, कमीत कमी इजा करावी असं स्पष्ट लिहिलं होतं. पोलिसांनाही जमाव पांगवायचा अधिकार होता, पण खाली बसलेल्याला लाथ मारणं हे कुठल्या पांगवण्यात बसतं?

कागदावर दार होतं. पण त्याच प्रक्रिया संहितेच्या कलम १३२ ने अशा कारवाईबद्दल खटला भरायला सरकारची परवानगी लागेल असं ठरवलं. दार ठेवलं आणि किल्ली आरोपीच्या मालकाकडे दिली. तिसऱ्या प्रश्नाचं, व्यवस्थेचं, उत्तर इथे मिळतं.

कोणी म्हणेल, हजारोंच्या गर्दीत एकेक माणूस ओळखायचा कसा? त्याचं उत्तर सोलापूरने दिलं आहे. त्याच मे महिन्यात, गांधीजींच्या अटकेनंतर, ८ मे रोजी सोलापुरात गोळीबार केला गेला, जमाव उसळला, पोलीस मारले गेले, आणि १२ मेपासून लष्करी कायदा लागला. पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झालं. म्हणजे सरकारला हवं होतं तेव्हा हजारोंच्या जमावातून चार माणसं नावानिशी काढता आली. पण लाठ्या हातात घेतलेले चारशे पगारी शिपाई, ज्यांची नावं हजेरीपटावर होती, त्यांतला एकही काढता आला नाही. ज्याची नोंद सरकारकडे होती तो निनावी राहिला.

आणि हा प्रश्न बंद कधी झाला? ५ मार्च १९३१ ला, गांधी-आयर्विन करारात. पोलिसांच्या वागणुकीबद्दलच्या ठराविक तक्रारी गांधीजींनी मांडल्या आणि उघड चौकशी मागितली. सरकारने अडचणी सांगितल्या : आरोप-प्रत्यारोप वाढतील, शांतता परत यायला अडथळा होईल. गांधीजींनी आग्रह सोडला. करारात तसं लिहिलेलंच आहे. तारीख पाहून मी चमकलो. ५ मार्च म्हणजे बोस्टनच्या गोळीबाराचाच दिवस. निव्वळ योगायोग, त्यातून मी काही सिद्ध करत नाही. पण बोस्टनवाल्यांनी ५ मार्चला १७७१ पासून पुढे दरवर्षी जाहीर भाषण ठेवून आठवण जागी ठेवली. आपल्याकडे ५ मार्चला चौकशी मिटली आणि आपण ‘लाठीमार झाला’ लिहायला मोकळे झालो.

नकार देणारे

शिपायाला दुसरा मार्गच नव्हता, असं म्हणणाऱ्यांना पेशावर आठवून द्यावं लागतं. २३ एप्रिल १९३०, म्हणजे धरासण्याच्या चार आठवडे आधी, रॉयल गढवाल रायफल्सच्या जवानांनी निःशस्त्र पठाणांवर गोळ्या झाडायला नकार दिला. चंद्रसिंह गढवाली आणि त्यांच्या साथीदारांचं कोर्ट मार्शल झालं. चंद्रसिंहांना जन्मठेप. त्यांच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर मुकंदीलाल. बोस्टनमध्ये गोळी झाडणाऱ्यांचा वकील इतिहासात गाजला. इथे गोळी न झाडणाऱ्यांना वकील लागला, आणि शिक्षाही जास्त त्यांनाच झाली.

या बाबतीत गांधीजींचं मत आपल्याला अडचणीचं आहे, तरी लपवू नये. पुढे एका फ्रेंच पत्रकाराने विचारलं तेव्हा ते म्हणाले की गोळी झाडायचा हुकूम मोडणारा शिपाई आपली शपथ मोडतो. शिपायांना हुकूम मोडा असं मी सांगू शकत नाही, कारण उद्या सत्ता आपल्याकडे आली की त्याच शिपायांवर आपल्यालाही अवलंबून राहायचं आहे. बरेच अभ्यासक यावरून गांधीजींवर तुटून पडतात. मला त्यात एक प्रामाणिक भीती दिसते. ज्याला राज्य चालवायचं आहे त्याला हुकूम पाळणारा शिपाई हवाच असतो. पण स्वयंसेवक धरासण्यात शिपायांना विनवत होते, आमच्याकडे या म्हणून, हे मिलरने पाहिलं होतं. म्हणजे मार खाणाऱ्यांना तरी वाटत होतं की समोरचा माणूस निवड करू शकतो. या मुद्द्यावर मी त्यांच्या बाजूचा आहे.

याचा अर्थ प्रत्येक शिपायाने चंद्रसिंह व्हायला हवं होतं असा नाही. आज पंख्याखाली बसून तसं म्हणणं सोपं आहे. पंधरा-वीस रुपयांवर घर चालवणाऱ्या, परमुलखात आलेल्या माणसाकडून जन्मठेपेची तयारी मागण्याचा मला अधिकार नाही. पण नकार आणि क्रौर्य यांच्यामध्ये पुष्कळ जागा असते. साहेबाची पाठ वळताच हात सैल सोडणं ही एक जागा. पडलेल्याला पुन्हा न मारणं ही दुसरी. कोण त्या जागेत उभा राहिला आणि कोण पलीकडे गेला, हाच जबाबदारीचा खरा प्रश्न आहे. हुकूम त्याचं ओझं कमी करतो, शून्य करत नाही.

तर मग लिहायचं कसं?

माझ्या टिपणातली ओळ मी आता अशी बदलतो : ‘सत्याग्रही पुढे सरकताच गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हुकुमावरून सुरत जिल्ह्याच्या पोलीस शिपायांनी त्यांना लाठ्यांनी मारलं, अधिकारी दूर गेले की काहींचे हात मंदावत होते, बसलेल्यांना काही शिपायांनी लाथाही घातल्या.’ वाक्य लांबलं, पण त्यात माणसं आली. मिठाचा कर, मिठागराचं कुंपण आणि खटल्याची किल्ली सरकारच्या हातात, हा मजकूर त्याच परिच्छेदात पुढे यायला हवा, नाहीतर मी ऑपरेटरला धरून मॅनेजरला सोडल्यासारखं होईल.

मंडळातल्या लिहिणाऱ्यांना माझी विनंती एवढीच : १९३० असो, १९४२ असो, संयुक्त महाराष्ट्राचा मुंबईतला गोळीबार असो की आपल्या डोळ्यांदेखत झालेलं काही असो, ‘झाला’ लिहिण्याआधी थांबा. कोणी केला, कोणाच्या सांगण्यावरून, आणि त्याला कोणी जाब विचारू शकत होतं का, हे तिन्ही लिहा. जमाव हिंसक होता तर तेही लिहा, बोस्टन आणि सोलापूर दोन्हीकडे ते लिहावंच लागतं.

राहिला काकांचा प्रश्न. गेल्या रविवारी मी त्यांच्या घरी जाऊन आलो. फोटो पाहिला. विशीतला पोरगा, डोक्याला पगडी, हातात लाठी, चेहऱ्यावर फोटोग्राफरची भीती. मी म्हटलं, “काका, फोटो लावूया. सत्याग्रहींच्या फोटोंच्या शेजारी नको, समोरच्या भिंतीवर. खाली लिहूया : १९३० साली सुरत जिल्हा पोलिसांत शिपाई. आणि त्याखाली मिलरची दोन्ही निरीक्षणं, हात मंदावल्याचं आणि लाथांचं. ‘दुष्ट’ नको आणि ‘बिचारा’ही नको.”

काका बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “दोन्ही लिहा. पण माझ्या आजोबांचा हात मंदावला होता असं मात्र लिहू नका हं. ते आपल्याला वाटतं, म्हणून लिहायचं नाही.”

फोटोखालचा मजकूर तसाच ठरला आहे. पुढच्या बैठकीत तो सगळ्यांसमोर ठेवू.